घरी ड्रेसिंग कोण करणार?

माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन ठरलंय हे आधी त्याच्या मित्राला कळलं आणि मग मला. दोघं इथे म्हैसूरला कंपनीच्या एकाच बसने हेब्बाळला जातात, एकाच सीटवर बसतात, त्यामुळे बातम्यांच्या बाबतीत माझा नंबर नेहमीच दुसरा लागतो. एरवी मी चालवून घेते. पण हे ऑपरेशन असं होतं, की त्यात तरी पहिला नंबर आपला असावा असं कुठल्याही बायकोला वाटेल.

सांगितलं तेही फ्रिजमध्ये डोकं घालून. मी ओट्याशी भाकरी थापत होते. तो दही शोधत असल्यासारखं करत म्हणाला, "डॉक्टरांनी सुंता करायला सांगितलंय."

"कुणाची?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"माझी."

तव्यावरची भाकरी करपली. त्याला साखरेचा त्रास होता, त्यापायी तिथली कातडी वरचेवर चिरायची, सुजायची, ट्यूब लावली की तेवढ्यापुरती बरी व्हायची, हे मला माहीत होतं. ती इतकी आकसलीय की लघवीलाही त्रास होतो, हे मात्र माहीत नव्हतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण ते सांगताना दह्याचं भांडं हातात धरून शाळेतल्या पोरासारखा उभा होता. मला त्याची दया आली. ती टिकली असती, पण पुढचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

"घाबरायचं काही नाही. तो म्हणाला, काही नसतं त्यात."

आमच्या घरात नाव न घेता 'तो' म्हटलं की तो मित्रच. जन्माने म्हैसूरचा, मुसलमान, स्वभावाने लोण्यासारखा. आम्ही साताऱ्याहून इथे आलो तेव्हा घर त्यानेच बघून दिलं होतं. ईदला त्याच्याकडे जेवायला जायचं आणि दिवाळीला त्याने आमच्याकडे चकली खायला यायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं.

"त्याला काय माहीत?" मी म्हटलं.

"त्याला नाही तर कुणाला माहीत असणार?" नवरा म्हणाला.

आणि गंमत बघा, मलाही ते पटलं. आपल्या लोकांत हे कुणी करत नाही, त्यांच्यात सगळेच करतात, म्हणजे त्याला यातलं सगळं ठाऊक असणार. एवढं सरळ गणित आम्हा दोघांनाही सुटलं आणि दोघांनीही ते पुन्हा तपासून पाहिलं नाही.

जगाला सांगायचं काय, तर हर्निया. साताऱ्याला हर्निया, पुण्याला होस्टेलवर असलेल्या मुलाला हर्निया, सोसायटीत हर्निया. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कुणी नुसतं "कुठल्या बाजूचा?" विचारलं तरी नवरा खोकायला लागायचा.

ऑपरेशनच्या दिवशी मित्राने रजा टाकली आणि गाडी काढली. पुढच्या सीटवर ते दोघं, मागे मी आणि थर्मास. दवाखान्यातही तोच पुढे, कारण कन्नड त्याचं. आमचं कन्नड इतक्या वर्षांनीही भाजीपाल्याच्या पुढे गेलेलं नाही. मी बाकावर बसून पर्स उघडत आणि मिटत होते. संध्याकाळी सोडताना तिथला ब्रदर बाहेर आला, हातात मलमाची ट्यूब आणि गॉजची पाकिटं, आणि त्याने आम्हा तिघांकडे बघत हिंदीत विचारलं, "घरी ड्रेसिंग कोण करणार?"

मी उठून उभी राहिले. नवरा खुर्चीतूनच म्हणाला, "मीच करेन." आणि मग मित्राकडे बोट दाखवून, "हा सांगेल मला कसं ते."

ब्रदर त्या दोघांना पडद्याआड घेऊन गेला. मी तशीच उभी होते, पर्स उघडी.

आता हे मला एवढं का लागलं, ते सांगायला हवं. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांच्या कमरेला बेडसोअर झाले होते. ते मी धुतले, पुसले, भरून आणले. चिकटलेला गॉज न दुखवता कसा सोडवायचा, जखमेला येणारा कुठला वास बरा आणि कुठला वाईट, हे मला कळत होतं. शेवटी शेवटी त्या परिचारिकेलाही हात लावू द्यायच्या नाहीत, "सूनबाईलाच बोलवा" म्हणायच्या. नवरा दारात उभा राहून बघायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. त्याच्या आईला जे हात चालले, ते त्याला चालेनात. मग माझं या घरात नक्की काय राहिलं, हा प्रश्न मला पडला, आणि तो पडला की बाकी काही सुचेना.

घरी आल्यावर तर कहरच झाला. सकाळ-संध्याकाळ नवरा कोमट पाण्याचं स्टीलचं भांडं, ट्यूब, गॉज आणि मोबाइल घेऊन बाथरूममध्ये जायचा. आतून कडी. मग मित्राचा आवाज स्पीकरवर. मधूनच दोघं हसायचे. नवऱ्याचं हसणं "आई गं" वर संपायचं आणि ते ऐकून मित्र आणखी हसायचा. मी मिक्सर लावायची नाही, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची, म्हणजे नीट ऐकू येईल. ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा, तरी ऐकायचीच.

बाहेर आला की विचारायची, "कशी आहे जखम?"

"ठीक आहे."

मित्राला पाऊण तास आणि मला दोन शब्द.

झोपायलाही तो हॉलमध्ये गेला. दिवाणावर, पंख्याखाली. "का?" तर म्हणे, "बरं पडतं." मी त्याच्या उशीशी पाण्याचा तांब्या ठेवायला वाकले, तर अंग चोरून भिंतीकडे सरकला. मी जेवायचं ताट हातात दिलं, तर म्हणाला, "तिथेच ठेव टीपॉयवर, मी घेतो." माझा हात लागू नये म्हणून माणूस इतका जपतोय, हे काय मला दिसत नव्हतं? मी आरशात बघितलं. वजन वाढलंय, केसांची मुळं पांढरी झालीत, हनुवटीखाली एक वळी आलीय. आरशानेही माझी बाजू घेतली नाही.

शेजारच्या काकू बघायला आल्या. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, पूर्वी कापड रंगवायचं आणि छापायचं काम होतं त्यांच्याकडे. हातात दोन शहाळी आणि एक धुऊन धुऊन मऊ झालेली लुंगी.

"काय ओ, हर्निया म्हणे?" त्या दिवाणासमोर खुर्ची ओढत म्हणाल्या. "हे एळनीर द्या त्यांना. आणि ही लुंगी नेसू दे, स्वल्प मोकळं वाटेल. दुखणं हत्तीच्या पायानं येतंय आणि मुंगीच्या पायानं जातंय, सुम्ने उगी घाई करू नये." मग माझ्याकडे वळून, "ड्रेसिंग तुमीच करताय नव्हे? सासूचं किती चांगलं केला होता ओ तुमी."

"नाही," मी म्हटलं. "फोनवरून होतं."

काकूंना काही कळलं नाही. नवऱ्याने शहाळ्यात तोंड घातलं.

मित्राचे सल्लेही अजब असायचे. एक दिवस नवऱ्याने माळ्यावरून मुलाचा लहानपणीचा टब काढायला लावला. "कशाला?" "कोमट पाण्यात बसायचंय, तो म्हणाला." त्या टबात आमचा मुलगा दोन वर्षांचा असताना बसायचा. नवरा त्यात कसा मावला कुणास ठाऊक, पण बाथरूममधून बराच वेळ पाणी सांडल्याचे आवाज आले. दुसऱ्या दिवशी म्हणे टीव्हीवर काहीतरी गमतीचं लावून बसायचं, म्हणजे तिकडे लक्ष जात नाही. मग म्हणे रडू आलं तर रडायचं. मी म्हटलं, "ते आणि कधीपासून सांगायला लागतं?" पण मला दिसत होतं की तो आता बाथरूममधून पहिल्यासारखा हसत बाहेर येत नाहीये. चालताना पाय फाकवून, ओठ आवळून चालायचा. साखर असलेल्या माणसाची जखम, ती बिघडली तर काय होतं हे मी सासूबाईंच्या वेळी पाहिलं होतं. आता माझ्या जळण्यात भीतीही मिसळली होती. तरी मी हट्टाला पेटले होते. बोलावल्याशिवाय जायचं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालायचाय ना, घाल म्हटलं.

रविवारी मित्र घरी आला. हातात कापडी पिशवी. "भाभी, ये घरसे भेजे," म्हणून माझ्याकडे दिली आणि सरळ नवऱ्याजवळ जाऊन बसला. दोघं कुजबुजले. मग दोघं उठले आणि बाथरूममध्ये गेले. दोघंही. माझ्या डोळ्यांसमोर आतून कडी लागली.

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला मत्सर हा शब्द फार सोवळा आहे. मी लग्नाची बायको हॉलमध्ये, आणि बसमधला शेजारी आत. मला ते दार फोडावंसं वाटलं. त्याऐवजी मी पिशवी उघडली. वर खजुराचा डबा. त्याखाली चित्रांची रंगवायची वही, आणि सगळ्यात खाली एक लाल खेळण्यातली मोटार, चावीची.

मी मोटार हातात घेऊन बघत होते, तेवढ्यात टीपॉयवर राहिलेला मित्राचा फोन वाजला. त्याच्या बायकोचा. ती शाळेत शिकवते, दोन मुलगे आहेत त्यांना, आम्ही एकमेकींना चांगल्या ओळखतो. फोन थांबला, पुन्हा वाजला. मी उचलला.

"सुनो जी," ती घाईघाईने म्हणाली, "बच्चे की पट्टी निकली क्या?"

"कौन बच्चा?" मी विचारलं.

मग मला ओळखून म्हणाली, "अरे, आपके यहाँ गए क्या? वो इनके दोस्त का छोटा लड़का है ना, पाँच साल का, उसका खतना हुआ. रोज पूछ के बताते हैं उनको. रोज बाल्कनी में जाके फोन! मैं तो बोली, कौन है वो जिससे इतना हँस के बात करते. मेरेकू तो शक आ रहा था."

मी हातातल्या लाल मोटारीकडे बघितलं. टब, टीव्ही, रडू आलं तर रडायचं, सगळं एका दमात उलगडलं. माझ्या नवऱ्याची जखम इतके दिवस सांभाळत होती ती ही. म्हणजे मी ज्याच्यावर जळत होते तो मधला टपालवाला होता, आणि खरी जळण्यासारखी बाई ही होती, आणि तिला तर वाटत होतं की रुग्ण पाच वर्षांचा आहे. मी तिला सांगितलं की पाच वर्षांचा नाही, पन्नासचा आहे, आणि माझाच आहे. मग ती म्हणाली, "या अल्ला. बड़े आदमी का मेरेकू कुछ नहीं मालूम भाभी. वो अलग होता. उसको डॉक्टर के जैसा करो."

कडी वाजली. मित्र बाहेर आला. चेहरा पांढराफटक. सोफ्यावर मटकन बसला आणि पाणी मागितलं.

"भाभी, मेरेसे नहीं होता," तो म्हणाला. "खून देखा तो चक्कर आया."

"तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

"मैं चार साल का था, भाभी. मेरेकू नए कपड़े याद हैं और जिलेबी याद है. बस." त्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. "ये इतने भरोसे से पूछा, तो ना कैसे बोलना?"

त्याच्यावर ओरडायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं, पण त्याचा चेहरा बघून जमलं नाही. मी पाणी कोमट केलं, त्यात मीठ घातलं, उकळून घेतलेल्या भांड्यात ओतलं आणि बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कडी पुन्हा लागली होती.

"दार उघड."

"नको."

"काय झालंय ते तरी सांग."

"मलम झोंबतं म्हणून मी नुसताच गॉज गुंडाळला होता. घट्ट. आता निघत नाहीये." आवाज रडवेला होता.

"मग उघड ना."

"तू नको."

मला वाटतं इतक्या दिवसांचं सगळं तेव्हाच बाहेर आलं. "त्याला घेतलंस आत! त्याला जिलेबीशिवाय काही आठवत नाही, तो बायकोला विचारून तुला सांगत होता, आणि तिला वाटतंय तू पाच वर्षांचा आहेस! तुझ्या आईचं सगळं मी केलं. तेव्हा चालले माझे हात. आता काय झालं? मी हसेन वाटलं? किळस येईल वाटलं? की मीच नकोशी झालेय तुला?"

आत नळ ठिबकत होता. मग तो अगदी हळू, दाराला तोंड लावून बोलल्यासारखा म्हणाला, "उलटं आहे गं."

"काय उलटं?"

"डॉक्टर म्हणाले, टाक्यांवर ताण यायला नको. तिथे रक्त चढलं की टाके ओढले जातात. जीव जातो अक्षरशः. आणि ते..." तो थांबला. "ते तू जवळ आलीस की होतं. तू पाण्याचा तांब्या ठेवायला वाकलीस तरी. बांगड्या वाजल्या तरी. म्हणून हॉलमध्ये झोपतो. म्हणून त्याला बोलावलं. त्याच्याकडे बघून काही होत नाही."

सोफ्यावरून मित्राच्या खोकण्याचा आवाज आला. त्याला मराठी चांगलं कळतं.

मी भांडं धरून तशीच उभी राहिले. माझं वजन, माझे केस, माझी हनुवटी, माझा स्वभाव, अशी किती कारणं मी शोधून ठेवली होती. हे एक सोडून. माझे कान तापले, एखाद्या नव्या नवरीचे तापावेत तसे, आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं. पाणी मात्र निवत चाललं होतं.

"बरं," मी म्हटलं. "बांगड्या काढून ठेवते. उघड."

कडी निघाली. तो प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता, काकूंची लुंगी गुडघ्यावर, मान भिंतीकडे. मी साबणाने हात धुतले, हातमोजे चढवले आणि कोमट मिठाचं पाणी थेंब थेंब सोडायला लागले.

"काहीतरी बोलत राहा," तो डोळे मिटून म्हणाला. "कंटाळवाणं."

मग मी सोसायटीची पाण्याची टाकी कधी धुवायची यावर झालेल्या मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं, ते सगळं सांगितलं. ते संपल्यावर त्याच्या मोठ्या बहिणीच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. गॉज ओढायचा नसतो, भिजू द्यायचा असतो. त्याचा एक एक धागा सैल होतो आणि जखमच त्याला सोडते. बहीण फिजिओथेरपीवाल्याशी भांडली इथपर्यंत मी आले तेव्हा शेवटचा थर अलगद हातात आला. एका टाक्यापाशी थोडं रक्त होतं, सूज होती, पण पू नव्हता, वाईट वास नव्हता. मी नव्या गॉजवर मलम भरपूर थापलं, सैल गुंडाळलं. डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, ते म्हणाले उद्या दाखवून जा, बाकी बरोबर केलंत. मित्र तोवर खजूर खात बसला होता. जाताना त्याने लाल मोटार परत मागितली. मी दिली नाही.

त्यानंतर ड्रेसिंग मीच केलं. बाकीच्या वेळेसाठी मात्र मी माझ्या परीने काळजी घ्यायची ठरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर वाटीभर खोबरेल तेल थापलं आणि केसांचा घट्ट अंबाडा घातला. माळ्यावरच्या ट्रंकेतून तो तपकिरी फुलांचा गाऊन काढला, ज्याला नवरा नेहमी गोणपाट म्हणतो. कपाळाला बाम चोळला. बांगड्या, टिकली काही नाही. अशा अवतारात मी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये गेले आणि कप टीपॉयवर, दिवाणापासून लांब ठेवला.

त्याने पेपर खाली केला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग डोळे मिटले, कण्हला आणि उशी मांडीवर ओढून घेतली.

"काही उपयोग नाही," तो म्हणाला. "तू आत जा."

मी आत गेले, आणि बेडरूमची कडी मी स्वतः लावली.